कोशिंबिरीच्या पालेभाज्या आणि काकडी : परसबागेतील बीजांकुरणाचा शास्त्रीय विचार

गोषवारा :
लेट्यूससारख्या कच्च्या खाण्याच्या पालेभाज्या आणि काकडी ही पिके परसबागेत बियांपासून घेण्याचा प्रयत्न महाराष्ट्रातील अनेक घरांत होतो. तो फसला की दोष बहुधा बियाण्यास दिला जातो. या दोन पिकांच्या बियांना उगवणीसाठी लागणारी परिस्थिती जवळजवळ परस्परविरुद्ध असते आणि बहुतेक अपयशांचे कारण या भेदाकडे झालेले दुर्लक्ष हे असते, अशी मांडणी प्रस्तुत लेखात केली आहे. प्रकाश, तापमान, पेरणीची खोली, परागण, कडूपणा आणि बीजसंग्रह या मुद्द्यांच्या आधारे हे विवेचन करून महाविद्यालयीन अध्यापनातील त्याचा उपयोगही दर्शविला आहे.

बीजशब्द : परसबाग, बीजांकुरण, लेट्यूस, काकडी, परागण, बीजसंग्रह

प्रस्तावना :
मराठी जेवणाच्या ताटाची डावी बाजू मीठ, लिंबू, चटणी, लोणचे आणि कोशिंबीर यांची असते. खमंग काकडी, मुळ्याच्या पाल्याची पचडी, कोवळ्या मेथीचा घोळाणा, भाकरीबरोबरची कांद्याची पात हे पदार्थ पाहता कच्चा पाला खाण्याची रीत महाराष्ट्रास नवी नाही. ‘सॅलड’ हा शब्द आणि लेट्यूस ही भाजी मात्र उपाहारगृहे व शहरी बाजारपेठा यांच्या वाटेने अलीकडे घरात आली. आज रोपवाटिकांत लेट्यूस व काकडी यांच्या बियांची पाकिटे शेजारी-शेजारी टांगलेली दिसतात, आणि गच्चीवर किंवा अंगणात भाजी लावू पाहणारी व्यक्ती दोन्ही पाकिटे एकाच दिवशी विकत घेते.

पुढे जे घडते ते पुष्कळ ठिकाणी सारखे असते. एप्रिलमध्ये दोन्ही बिया एकाच वाफ्यात, एकाच खोलीवर पेरल्या जातात. पाचव्या-सहाव्या दिवशी काकडी वर येते. लेट्यूसचा वाफा पंधरा दिवसांनीही रिकामाच असतो. हाच प्रयोग पुण्या-नाशिकच्या थंडीत डिसेंबरअखेर केला तर लेट्यूस उगवते आणि काकडीचे बी मातीत कुजते. दोन्ही वेळी निष्कर्ष एकच निघतो : बी खोटे निघाले. एकदा असा अनुभव आला की पुढच्या वर्षी तयार रोपे आणली जातात किंवा बागेचा नाद सोडला जातो. यामुळे बी पेरणे, वाढविणे आणि राखून ठेवणे ही गृहस्थी विद्या घरातून हळूहळू निघून जाते. म्हणूनच या अपयशाची कारणे समजून घेणे अगत्याचे ठरते.

लेखाची उद्दिष्टे :
१. लेट्यूस व काकडी यांच्या बीजांकुरणाच्या गरजांची तुलना करणे.
२. महाराष्ट्राच्या हवामानात पेरणीची योग्य वेळ व पद्धत स्पष्ट करणे.
३. काकडीतील फुले, परागण व कडूपणा यांविषयीच्या प्रचलित समजुती तपासणे.
४. घरगुती बीजसंग्रहाच्या शक्यता व मर्यादा मांडणे.

दोन बियांची रचना :
व्यवहारात लेट्यूसचे ‘बी’ म्हणून जे पेरले जाते ते वनस्पतिशास्त्रदृष्ट्या एकबीजी शुष्क फळ, म्हणजे कृत्स्नफळ असते. लेट्यूस (लॅक्टुका सटायव्हा) ही सूर्यफुलाच्या कुलातील वनस्पती असल्याने तिचे बी सूर्यफुलाच्या बीसारखेच, परंतु अत्यंत लहान असते. एका ग्रॅममध्ये साधारणपणे ८०० ते १००० बिया मावतात. काकडीच्या (कुकुमिस सटायव्हस) बिया मात्र एका ग्रॅममध्ये ३० ते ४० च भरतात. या आकारभेदातच पेरणीच्या खोलीचा नियम दडलेला आहे. अंकुर मातीवर येऊन पाने हिरवी होईपर्यंत त्याला बियांतील साठ्यावरच जगावे लागते. काकडीच्या बियांतील साठा दोन सेंटिमीटर मातीतून वर येण्यास पुरेसा असतो. लेट्यूसच्या बियांत एवढी शिदोरी नसते; ते बी अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा खोल गेले तर अंकुर वाटेतच संपतो. म्हणून लेट्यूस वाफ्यावर भुरभुरून वर चाळलेल्या गांडूळखताचा अगदी पातळ थर द्यावा आणि पाणी झारीने, शक्य तर फवाऱ्याने द्यावे.

प्रकाशाची गरज :
लेट्यूसच्या बाबतीत उथळ पेरणीचे आणखी एक कारण आहे. या पिकाच्या अनेक वाणांच्या बियांना उगवणीसाठी प्रकाश लागतो. १९३० च्या दशकात फ्लिंट व मॅकॲलिस्टर या अमेरिकन संशोधकांनी तांबडा प्रकाश लेट्यूसच्या उगवणीस अनुकूल आणि अतितांबडा प्रकाश प्रतिकूल असतो, हे दाखविले. १९५२ मध्ये बेल्ट्सव्हिल येथील अमेरिकी कृषी संशोधन केंद्रात बॉर्थविक, हेंड्रिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ग्रँड रॅपिड्स’ या लेट्यूस वाणाच्या ओल्या बियांवर हे दोन प्रकाश आलटून पालटून टाकले. शेवटचा झोत तांबडा असेल तर सुमारे ७० टक्के वा अधिक बिया उगवल्या. शेवटचा झोत अतितांबडा असेल तर केवळ ६ ते ७ टक्के. आधी कितीही झोत दिले असले तरी निर्णय शेवटच्या झोताचाच ठरला. या प्रयोगाने वनस्पतींमध्ये दोन रूपांत बदलणारे एखादे रंगद्रव्य असले पाहिजे, हे सूचित केले. ते १९५९ मध्ये प्रत्यक्ष हाती लागले आणि पुढे ‘फायटोक्रोम’ या नावाने ओळखले जाऊ लागले.

या यंत्रणेचा निसर्गातील अर्थ सोपा आहे. हिरवी पाने सूर्यप्रकाशातील तांबडा भाग शोषून घेतात व अतितांबडा भाग खाली जाऊ देतात. त्यामुळे दाट पाल्याखाली पडलेल्या लहान बीला आपल्या डोक्यावर दुसऱ्या वनस्पतीची सावली आहे, याची जणू वर्दी मिळते आणि ते उगवण लांबणीवर टाकते. परसबागेच्या दृष्टीने यातून एक व्यावहारिक सूचना मिळते. काकडीच्या मांडवाखाली लेट्यूसची तयार रोपे लावणे उपयुक्त ठरते, कारण त्यांना कडक उन्हापासून आडोसा मिळतो. परंतु त्याच मांडवाखाली लेट्यूसचे बी टाकणे टाळावे. सर्व वाण सारख्याच प्रमाणात प्रकाशावलंबी नसतात; अनेक आधुनिक वाण अंधारातही उगवतात. तथापि पाकिटावर वाणाचा हा गुण क्वचितच नमूद असतो, म्हणून उघड्या, प्रकाशित वाफ्यावर उथळ पेरणी करणे हाच सुरक्षित मार्ग होय.

तापमानाची गरज :
महाराष्ट्रातील अपयशांचे सर्वांत मोठे कारण तापमान हे आहे. लेट्यूसचे बी १५ ते २२ अंश सेल्सिअस तापमानात उत्तम उगवते. जमिनीचे तापमान साधारण ३० अंशांच्या आसपास गेले की अनेक वाणांची उगवण थांबते. बी जिवंत असते, पाणीही शोषते. परंतु उष्णतेत त्यातील निरोधक संप्रेरकाचा, म्हणजे ॲबसिसिक आम्लाचा प्रभाव टिकून राहतो आणि गर्भाभोवतालचे आवरण मऊ पडत नाही. अशा स्थितीत बी दीर्घकाळ राहिले तर त्याला दुय्यम सुप्तावस्था येते. नंतर हवा थंड झाली तरी ते सहजी उगवत नाही.

काकडीचे वर्तन याच्या उलट असते. तिला २५ ते ३० अंश तापमान मानवते आणि १५ अंशांखाली बी पाणी पिऊन तसेच पडून राहते. थंड, ओल्या मातीत पडून राहिलेल्या बीवर बुरशीचा हल्ला होतो व ते कुजते. काकडीचे मूळ या आवडीशी सुसंगत आहे. तिची रानटी जात हिमालयाच्या पायथ्याच्या प्रदेशात आढळते आणि भारत हेच काकडीचे उगमस्थान मानले जाते. उबदार, दमट हवेचे हे पीक आहे. लेट्यूसचा पूर्वज पश्चिम आशिया व भूमध्य समुद्राच्या परिसरातील असून तेथे पाऊस हिवाळ्यात पडतो. उन्हाळ्यात न उगवणे हीच तेथील बीची सुरक्षितता असते.

येथे बियाण्याच्या पाकिटावरील उगवणशक्तीच्या टक्क्याचा अर्थ नीट समजून घ्यावयास हवा. हा टक्का प्रयोगशाळेत, नियंत्रित तापमानात काढलेला असतो. लेट्यूसची चाचणी साधारणतः २० अंशांवर, तर काकडीची २० ते ३० अंशांच्या दरम्यान घेतली जाते. त्यामुळे पाकिटावरील आकडा खरा असूनही एप्रिलच्या तापलेल्या कुंडीत त्याचा प्रत्यय येत नाही. बी खोटे नसते. चाचणीतील आणि वाफ्यातील परिस्थिती वेगळी असते.

उपाय साधे आहेत. लेट्यूसचे बी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पेरावे. उबदार दिवस असतील तर पेरणी सायंकाळी करावी, कारण बीने पाणी शोषल्यानंतरचे पहिले काही तास निर्णायक असतात आणि ते रात्रीच्या गारव्यात पार पडतात. ओल्या फडक्यातील बी एक-दोन दिवस शीतकपाटात ठेवून मग पेरल्यासही लाभ होतो. काकडीचे बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवून, मटकीला मोड आणतात त्याप्रमाणे ओल्या फडक्यात उबदार जागी बांधून ठेवावे व मोड दिसू लागताच पेरावे.

काकडीचा अंकुर :
काकडीच्या अंकुरात एक लक्षणीय रचना दिसते. मूळ बाहेर पडताच अंकुराच्या वाकणावर एक लहान खुंटी तयार होते. ती बीच्या खालच्या टरफलाला अडकते आणि वर सरकणारी बीजपत्रे टरफलातून सुटी होतात. चार्ल्स डार्विन यांनी १८८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या वनस्पतींच्या हालचालींवरील ग्रंथात भोपळ्याच्या कुलातील या खुंटीची चर्चा केली आहे. १९९८ मध्ये ‘डिस्कव्हरी’ अवकाशयानातून काकडीच्या बिया अंतराळात पाठविण्यात आल्या, तेव्हा गुरुत्वाकर्षणाच्या अभावी एकीऐवजी दोन्ही बाजूंना खुंट्या तयार झाल्याचे जपानी संशोधकांना आढळले. पृथ्वीवर गुरुत्वाकर्षण वरच्या बाजूची खुंटी रोखून धरते, असा त्याचा अर्थ लावण्यात आला. बी मातीत आडवे ठेवावे, या जाणत्या माळ्यांच्या सल्ल्यामागे हेच तत्त्व आहे. आडव्या बीची खुंटी योग्य जागी पडते व टरफल मातीतच राहते.

पेरणी, रोपे आणि वेळापत्रक :
पठारी महाराष्ट्रात लेट्यूसची रोपे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गादीवाफ्यावर किंवा ट्रेमध्ये करून सुमारे चार आठवड्यांनी, चार-पाच पाने आल्यावर २५ ते ३० सेंटिमीटर अंतरावर लावावीत. घरगुती बागेसाठी गड्डा धरणाऱ्या वाणांपेक्षा सुट्या पानांचे वाण श्रेयस्कर ठरतात. गड्डा भरण्यास दीर्घ थंडी लागते. सुट्या पानांच्या वाणात बाहेरची पाने खुडत राहिले की एकच रोप अनेक आठवडे पुरते. दाट पेरणी व अति पाणी यांमुळे रोपे बुडाशी कुजून कोलमडतात, म्हणून विरळणी वेळेवर करावी.

काकडी उन्हाळी हंगामासाठी जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत आणि खरिपासाठी जून-जुलैमध्ये पेरावी. तिच्या मुळांना इजा सोसत नाही, यास्तव बी थेट आळ्यात किंवा कागदी पेल्यात लावावे. प्रत्येक आळ्यात दोन-तीन बिया टाकून नंतर एक-दोन सशक्त रोपे ठेवावीत आणि वेल मांडवावर किंवा ताटीवर चढवावा. पूना खिरा, हिमांगी, फुले शुभांगी हे सरळ वाण महाराष्ट्रात परिचित आहेत. पेरणीनंतर साधारण ४० ते ५० दिवसांत तोडणी सुरू होते. कोकणात थंडी कमी असल्याने लेट्यूसला मर्यादा पडतात, परंतु पावसाळी काकडी व मोठे तवसे तेथे मांडवावर उत्तम येतात. पालेभाजीची उणीव स्थानिक पर्यायांनी भरून निघते. मुंबईच्या किनाऱ्यालगत वाळूत घेतली जाणारी, बोटभर उंचीची समुद्रमेथी हे याचे उत्तम उदाहरण होय. मेथी तीन-चार दिवसांत उगवते. कोथिंबिरीसाठी धणे हलके रगडून दोन डाळिंब्या सुट्या करून पेरावेत, कारण प्रत्येक धण्यात दोन बिया असतात.

ही भाजी कच्ची खावयाची असल्याने दोन दक्षता आवश्यक आहेत. शेणखत पूर्ण कुजलेलेच वापरावे. ताजे शेण किंवा सांडपाणी वाफ्यास देऊ नये. दुसरे म्हणजे, बाजारातील रंगीत लेप दिलेले बी बुरशीनाशकाने प्रक्रिया केलेले असते. असे बी हातमोजे घालून हाताळावे आणि कोवळे अंकुर किंवा मोड खाण्यासाठी कदापि वापरू नये.

फुले, परागण आणि कडूपणा :
‘वेलाला नुसतीच फुले येतात, काकडी धरत नाही,’ ही नेहमीची तक्रार आहे. काकडीच्या वेलावर नरफुले व मादीफुले वेगवेगळी असतात आणि आरंभी बहुधा नरफुलेच येतात. मादीफुलाच्या मागे इवलीशी काकडी दिसते, यावरून ते ओळखता येते. इथिलीन हे संप्रेरक मादीफुलांस, तर जिबरेलिन नरफुलांस अनुकूल असते. मोठा दिवस व अधिक उष्णता यांतही नरफुलांचे प्रमाण वाढते. फूल सकाळी उमलते आणि एकच दिवस टिकते. त्या अवधीत मधमाशी आली नाही तर फळ वाकडे होते किंवा गळते. उंच इमारतीच्या गच्चीवर मधमाश्या कमी असल्यास नरफूल तोडून त्याचे पराग मादीफुलास हलकेच लावावेत. फुलोऱ्याच्या काळात सकाळी कीटकनाशक फवारणे हे स्वतःच्या हाताने पीक घालविण्यासारखे आहे.

कारल्याच्या शेजारी लावल्याने काकडी कडू होते, हा समज खेडोपाडी आढळतो. त्यास शास्त्रीय आधार नाही. काकडीत गुणसूत्रांच्या ७ जोड्या असतात, कारल्यात ११. त्यांचा संकर होत नाही. शिवाय फळाचा गर मातृवेलाच्या ऊतींचा असल्याने परागाचा परिणाम त्याच फळाच्या चवीवर होत नाही. कडूपणा कुकर्बिटासिन या द्रव्यगटामुळे येतो. त्याची क्षमता वाणाच्या अनुवंशात असते आणि पाण्याचा ताण, उष्णता यांमुळे ती प्रकट होते. हे द्रव्य देठाकडील भागात व सालीलगत अधिक असते. देठाकडचा तुकडा कापून टाकण्याची घरातील रीत त्यामुळे सार्थ ठरते. मात्र संपूर्ण फळच तीव्र कडू लागल्यास ते टाकून द्यावे. भोपळ्याच्या कुलातील अतिकडू फळांनी विषबाधा होऊ शकते. लेट्यूसलाही उन्हाळा लागताच दांडा येतो, पांढरा चीक वाढतो आणि पाने कडवट होतात. तो हंगाम संपल्याचा संकेत होय.

बीजसंग्रह :
लेट्यूसमध्ये स्वपरागण होते. त्यामुळे मार्चमध्ये एक-दोन निरोगी झाडे न खुडता राखली तर एप्रिल-मेमध्ये पांढरी तुरेदार बोंडे वाळतात व त्यांतील बी पुढच्या हंगामात मूळ वाणासारखेच निपजते. ज्या उष्णतेने पाला संपतो तीच बी पिकविते. काकडीत मात्र परपरागण होते. आसपास दुसरा वाण असेल तर बी मिश्र होते. म्हणून मादीफूल उमलण्याच्या आदल्या सायंकाळी बांधून ठेवून सकाळी त्याच वाणाचे पराग लावावेत व फळावर खूण करावी. बियाण्याचे फळ पूर्ण पिवळे-तांबूस होईपर्यंत वेलावर ठेवावे लागते आणि तोवर वेलाचे नवे उत्पादन मंदावते, यास्तव त्यासाठी एक वेल स्वतंत्र राखणे इष्ट. गरासह बी काढून एक-दोन दिवस आंबवावे, धुवावे आणि सावलीत वाळवावे.

संकरित बीच्या फळांतील बी पेरल्यास पुढील पिढीत गुणांची फाटाफूट होते. हरितगृहातील बिनपरागणाच्या काकडीत तर रुजणारे बीच नसते. म्हणून बीजसंग्रह करू इच्छिणाऱ्यांनी पाकीट घेतानाच सरळ वाण निवडावा. बियांतील ओलावा एक टक्क्याने किंवा साठवणीचे तापमान पाच अंशांनी कमी केल्यास आयुष्य सुमारे दुप्पट होते, असा ठोकताळा बीजशास्त्रात मान्य आहे. घरोघरी राखेत बी कालवून मडक्यात ठेवण्याची जी पद्धत होती तिचे मर्म कोरडेपणा व किडीपासून संरक्षण यांत होते. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात कोंभाळणे येथे राहीबाई पोपेरे यांनी स्थानिक बियाण्यांचा संग्रह उभा केला; त्यांच्या कार्याचा २०२० मध्ये पद्मश्री देऊन गौरव करण्यात आला. वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम, २००१ नेही शेतकऱ्यांचा बी राखण्याचा, पुन्हा पेरण्याचा व देवाणघेवाणीचा हक्क मान्य केला असून संरक्षित वाणाचे बी नाममुद्रेसह विकण्यास मात्र मनाई केली आहे. परंतु हक्क कायद्यात असला तरी बी ओळखण्याचे व राखण्याचे ज्ञान घरात नसेल तर तो वापरला जात नाही.

अध्यापनातील उपयोग :
हा विषय महाविद्यालयाच्या आवारात अल्पखर्चात शिकविता येतो. लेट्यूसच्या प्रत्येकी ५० बिया चार बशांत ओल्या टिपकागदावर ठेवाव्यात. दोन बशा उजेडात व दोन ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून, आणि प्रत्येक जोडीतील एक थंड व एक उबदार जागी ठेवावी. चौथ्या-पाचव्या दिवशीची गणना वनस्पतिशास्त्राबरोबर संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांसही उपयोगी पडते. काकडीचे बी काचेलगत आडवे व उभे रुजवून खुंटीचे निरीक्षण करता येते. गावातील वृद्ध स्त्रियांकडून बी राखण्याच्या पद्धती व स्थानिक वाणांची नावे नोंदविणे हे मराठी, समाजशास्त्र व गृहविज्ञान या विभागांचे काम ठरू शकते.

निष्कर्ष :
१. लेट्यूसच्या बीला गारवा, उजेड व उथळ पेरणी, तर काकडीच्या बीला ऊब व पुरेशी खोली लागते. दोन्ही एकाच दिवशी, एकाच पद्धतीने पेरणे अयोग्य आहे.
२. पठारी महाराष्ट्रात लेट्यूससाठी ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि काकडीसाठी जानेवारीअखेर ते फेब्रुवारी किंवा जून-जुलै हा काळ योग्य ठरतो.
३. पाकिटावरील उगवणशक्ती विशिष्ट तापमानातील असते. बी सदोष ठरविण्यापूर्वी ते थंड व उबदार अशा दोन्ही जागी ओल्या कागदावर तपासून पाहावे.
४. काकडीचा कडूपणा शेजारच्या कारल्यामुळे येत नाही. वाण, पाण्याचा ताण व उष्णता ही त्याची कारणे आहेत.
५. सरळ वाणांची निवड केल्यास दोन्ही पिकांचे बी घरी राखता येते; लेट्यूस ही त्यासाठी सर्वांत सोपी सुरुवात आहे.

समारोप :
परसबाग लहान असते, परंतु तिच्यात पेरणीपासून बीजसंग्रहापर्यंतचे संपूर्ण चक्र एका कुटुंबास पाहावयास मिळते. न उगवलेल्या वाफ्यापुढे ‘बी खोटे’ असे म्हणून थांबण्याऐवजी त्या बीला काय हवे होते, हा प्रश्न विचारला गेला तर पुढच्या हंगामातील पेरणी वेगळी होईल. घरातून निसटत चाललेली बी राखण्याची विद्या टिकविण्याचा आरंभ या साध्या प्रश्नापासून करता येईल.